हात न लावता

डिचोली,
बुधवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, ती मांजरी आता जवळ येते का? मांडीवर बसते का? एखादा फोटो तरी पाठवा ना." पत्र्यावर पाऊस कोसळत होता, धड ऐकू येत नव्हतं, म्हणून मी "बरी आहे गो" एवढंच म्हणून फोन ठेवला. पण तेवढ्यानं तुझं समाधान झालं नसणार. ह्या गोष्टी फोनवर सांगण्याजोग्या नाहीत, म्हणून लिहायला बसलो आहे.

ती मांडीवर बसत नाही आणि बसणारही नाही. मी कोठीत शिरलो की ती खोक्यात मागे सरकते, कान चपटे करते आणि फिसकारते. बाय, मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. तूही वाटून घेऊ नकोस. माणसाच्या हाताची सवय मांजराच्या पिल्लाला लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. हिचे ते दिवस मासळी बाजाराच्या मागच्या गटाराकडे गेले. टाकलेली डोकी खाऊन, कुत्र्यांना चुकवून ती मोठी झाली. आता तिच्या दृष्टीनं माणूस म्हणजे धरून नेणारा प्राणी. आपण कितीही मायेनं बोललो तरी तिला ती माया कळत नाही, तिला फक्त आपण किती जवळ आलो एवढंच कळतं. म्हणून मी ठरवलं की तिच्यावर जे काही प्रेम करायचं ते लांबून करायचं.

तू टॉवेलात गुंडाळून आणलीस त्या रात्री तिचे मागचे पाय फरफटत होते. मला वाटलं, कणा गेला. दुसऱ्या दिवशी म्हापशाला गुंगी देऊन एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की कणा शाबूत आहे, कमरेच्या हाडाला दोन जागी तडे आहेत. गाडीची धडक बसलेल्या मांजरांत हे नेहमी दिसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मांडीच्या सांध्याची वाटी धड असली तर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागत नाही, सहा आठवडे बंदिस्त विश्रांती पुरते. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी माझ्या डोक्यातही आली नव्हती. तिची आचळं तपासली. दूध असतं तर कुठल्यातरी आडोशाला पिल्लं उपाशी पडली असती आणि आधी ती शोधावी लागली असती. दूध नव्हतं.

मांडीवरची जखमही त्याच गुंगीत साफ केली, आपोआप विरघळणारे टाके घातले, आणि एकदाच टोचून बरेच दिवस टिकणारं प्रतिजैविक दिलं. अशा मांजराला सकाळ-संध्याकाळ तोंड उघडून गोळी देता येत नाही, आणि टाके काढायला पुन्हा धरणं म्हणजे मोडलेल्या कमरेला पुन्हा झटापट. सगळं एका झोपेत उरकायचं, हा तिथला नियम मला फार पटला.

तिला ठेवायची पेटी मी दुकानातच केली. आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांची ग्रिलं केली, पण इतक्या काळजीनं कधी मोजमाप घेतलं नसेल. एक इंची वेल्डमेश, खाली बाहेर ओढता येणारा पत्र्याचा ट्रे. जाळीची कापलेली टोकं एकूणएक घासून आत वळवली, कारण रानटी मांजर पहिल्या रात्री जाळीला धडका देतं, दात लावतं, नखं अडकवून घेतं. लांबी-रुंदी ऐसपैस ठेवली, पण उंची मुद्दाम कमी. तिला उभं राहता यावं, वळता यावं, उडी मात्र मारता येऊ नये. वेल्ड केलेला जोड लाल असतानाच हलवला तर वरून धरल्यासारखा दिसतो आणि पहिल्या भाराला सुटतो. हाडाचंही तसंच, फक्त त्याला निवायला आठवडे लागतात.

पेटीच्या मध्ये सरकती झडप आहे. एका बाजूला पुठ्ठ्याचं खोकं, त्याचं तोंड भिंतीकडे, दुसऱ्या बाजूला खाण्याची ताटली, पाणी आणि शी-शूसाठी फाडलेल्या वर्तमानपत्राचा ट्रे. वाळू नको, जखमेत जाते. मी दार ढकललं की ती आपणहून खोक्यात शिरते. मग वरून झडप पाडायची, साफसफाई करायची, ताजं खाणं ठेवायचं, झडप उचलायची आणि निघून यायचं. तिला माझा हात लागत नाही, मला तिची नखं लागत नाहीत. पेटीवर जुनी चादर आणि तिच्यावर मच्छरदाणी. मच्छरदाणी डासांपेक्षा माशांसाठी. ह्या दिवसांत उघड्या जखमेवर माशी बसली की दिवसभरात अळ्या पडतात, आणि त्या एकदा आत शिरल्या की मांस पोखरत जातात.

पेटी मागीलदारच्या कोठीत आहे. आजी आधी कुरकुरली, "मांजराला कोठी आणि मी नारळ कुठे ठेवू?" आता तीच नारळ पडवीत ठेवते आणि कोठीवरून जाताना पाय वाजू देत नाही.

सल्ले द्यायला सगळी आळी येऊन गेली. एकानं टर्पेंटाईन सुचवलं, गुरांच्या जखमेला लावतात म्हणून. दुसरा डेटॉल घेऊन आला. शेजारच्या वहिनी बिचाऱ्या कळवळून पॅरासिटामोलची अर्धी गोळी घेऊन आल्या. मी सगळ्यांना हात जोडले. तू परिचारिका होणार आहेस, तुला हे शिकवणार नाहीत, म्हणून सांगतो. मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटतं, म्हणजे जे बाहेर लावलं ते पोटात गेलं म्हणून समज. आणि आपलं यकृत ज्या गोष्टी सहज निचरून टाकतं त्यातल्या कितीतरी मांजराच्या यकृताला जमत नाहीत. फिनाईल, डेटॉल ही त्यातलीच. पॅरासिटामोल तर सरळ विष. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, आणि अर्ध्या गोळीतही जीव जाऊ शकतो. म्हणून ट्रे मी साबण आणि कढत पाण्यानं धुतो, कोठीत फिनाईलचा थेंब नाही. दुखण्यावर तिला मेलॉक्सिकॅमचे थेंब दिलेत, तेही वजनावरून मोजून आणि थोडेच दिवस, कारण जास्त झालं तर मूत्रपिंडं जातात. खोक्यासकट वजन केलं, रिकाम्या खोक्याचं वजा केलं. दोन किलो आठशे भरली.

आता ती चावली तो तुझा अंगठा. डॉक्टरांनी कार्डावर लिहिलेल्या रेबीजच्या लसीच्या तारखांपैकी एकही चुकवू नकोस. तुझ्या बांबोळीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणत असतील की 2021 साली सरकारनं गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर केला, मग एवढं कशाला. तो कुत्र्यांना वर्षानुवर्षं लस टोचल्याचा गुण आहे, बाजारातल्या मांजरांना कोणी टोचलेलं नाही. चावल्याबरोबर तू नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतलंस ते फार शहाणपणाचं केलंस. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरचं भोक मिटतं आणि आत पू धरतो, म्हणून ठणका किंवा सूज परत आली तर त्याच दिवशी दाखव. आणि एक बातमी तुझ्यासाठी. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रं किंवा मांजर धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. ते दहा दिवस कधीच उलटले आणि ती काल रात्री ताटली चाटून-पुसून मोकळी झाली. तरी पुढचा डोस घ्यायचा की नाही हे तुझ्या डॉक्टरांनी ठरवायचं, तू किंवा मी नाही.

खाण्याचं सांगायचं तर पहिली रात्र ती काही खाईना आणि माझ्या पोटात गोळा आला होता. माणूस दोन दिवस उपाशी राहिला तर फारसं बिघडत नाही, पण मांजर दोन-तीन दिवस न खाता राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि तेच जिवावर बेततं. मग कोंबडीचं उकडलेलं मांस बारीक करून, थोडं कोमट करून ठेवलं, कारण कोमट खाण्याचा वास जास्त सुटतो. दिवा मालवून बाहेर आलो. पहाटे ताटली रिकामी होती. बाजारातल्या मांजराला बांगडा आवडणार हे उघड आहे, पण सध्या बंदी, 31 जुलैपर्यंत ट्रॉलर समुद्रात जाणार नाहीत, मिळतो तो बांगडा सोन्याच्या भावानं. तरी औषधाच्या थेंबांसाठी अधूनमधून एखादा आणतो, मिठाशिवाय उकडतो, काटे काढतो. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी मासळी आजीनं देऊ केली होती, पण तिच्यात मीठ फार. दूधही नको, मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात, आणि मोडलेल्या कमरेनं वारंवार ट्रेकडे जाणं म्हणजे यातना. कमर मोडली की दुसरी भीती बद्धकोष्ठाची. त्यासाठी उकडलेला लाल भोपळा चमचाभर कालवतो. रोज सकाळी वर्तमानपत्र उलगडून बघतो, ओलं आहे का, कोरडं आहे का, घट्ट आहे का. दिवसभरात लघवीचा डाग दिसला नाही तर थांबायचं नाही, सरळ म्हापसा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे.

मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायचा तू पाठवलेला तो तक्ता मात्र फार कामाचा निघाला. मॉन्ट्रियलच्या विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी 2019 मध्ये छापलेला. कान, डोळे, तोंडाचा पुढचा भाग, मिशा आणि मान, ह्या पाच जागा बघायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर तिला दुखतंय, औषध हवं. मांजर कण्हत नाही, लंगडणंही शक्य तितकं लपवतं. दुखणं दाखवलं तर बाजारात त्याचा निभाव लागत नाही. म्हणून मी रात्री जेवण झालं की कोठीच्या दाराबाहेर स्टुलावर बसतो आणि फटीतून बघतो. पहिल्या आठवड्यात डोळे अर्धे मिटलेले, मिशा ताठ पुढे, डोकं खांद्यांच्या खाली. आता ती मान वर ठेवून पंजा चाटते. मी आहे हे तिला माहीत नसतं. खरं सांगू, दिवसातला तो माझा सगळ्यात चांगला वेळ. फोटोसाठी चादर उचलायची म्हणजे नेमकं हेच मोडायचं, म्हणून फोटो पाठवत नाही.

आता विचारायचं ते. सहा आठवडे झाले की हाड जुळलं का हे बघायला पुन्हा गुंगी देऊन एक्स-रे काढायचा आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्याच झोपेत तिचं नसबंदीचं ऑपरेशन करू, रेबीजची लस देऊ आणि खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापू, म्हणजे पुढे कोणी तिला त्याच कामासाठी पुन्हा धरणार नाही. आजीला हे पटलेलं नाही, "देवानं दिलेलं का काढता" म्हणते. मी तिला कारण समजावलं. मोडलेली कमर जुळताना आतली वाट अरुंद होते. पिल्लं राहिली तर ती बाहेर यायला जागा नसेल आणि बाजाराच्या कोपऱ्यात ती तशीच तडफडून मरेल. आजी गप्प झाली, पण हो म्हणाली नाही. मांजरीला उचलून आणलंस तू, चावून घेतलंस तू, म्हणून तुझा शब्द हवा.

आणि नंतर ती आपल्याकडे राहणार नाही, हेही स्पष्ट लिहितो, कारण तुझ्या मनात ते आहे हे मला ठाऊक आहे. ऑपरेशनची जखम भरली की पेटीचं दार उघडून तिला काही दिवस आख्खी कोठी देईन. सहा आठवड्यांत पायांचं मांस गळलेलं असेल, ते परत यायला हवं. पोत्यांची उतरंड ठेवीन, आणि ती त्यावरून माळ्यावर एका उडीत चढली की मग बाजार. कुत्रा मागे लागला तर भिंत चढता आली पाहिजे, त्याआधी सोडणं म्हणजे मारणं. आपल्या अंगणात सोडली तर ती राहणार नाही. मांजर आपली जागा शोधत निघतं आणि वाटेत पुन्हा तोच हमरस्ता लागतो. बाजारात मागच्या ओट्यावर मासळी विकणाऱ्या बाया तिला ओळखतात. "ती काळी-पांढरी खंय गेली?" म्हणून एकीनं मला आपणहून विचारलं. तिथे तिची जागा आहे, तिला घाबरवणारं काय आणि खायला देणारं कोण हे तिला तिथलं पाठ आहे. बंदी उठल्यानंतर सोडू, म्हणजे पहिल्याच दिवशी पोटाला मिळेल.

शनिवारी डॉक्टरीणबाईंना होकार कळवायचा आहे. शुक्रवारपर्यंत फोन कर, आणि करशील तेव्हा आधी आजीशी बोल. तिला तुझं पटेल, माझं नाही पटत.

तुझे,
बाबा