मिठाईच्या खोक्याचं झाकण

आदरणीय काका,

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, अशी तुमची अट होती. पाळते आहे. वर्तकनगरात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

काल संध्याकाळी तीन हात नाक्यावर पंचवीस मिनिटं अडकले होते. माझं लक्ष सिग्नलवर नव्हतं, तापमानाच्या काट्यावर होतं. काटा चढत चढत मधोमध आला आणि पुढून पंख्याची घरघर सुरू झाली. काटा तिथेच थांबला. शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघायला लागला, कारण त्या सगळ्या गर्दीत मी एकटीच हसत होते. घरी आले आणि हात धुऊन हे लिहायला बसले.

इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. माझी गाडी सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोनच माणसांची, फायबरची बॉडी आणि वर कापडी छप्पर. ठाण्याच्या पावसात असली गाडी पाळणारी बाई वेडी, हे आईचं मत मला मान्य आहे. पुढे रेनोचं ११४९ सीसीचं, ६० अश्वशक्तीचं इंजिन. आकड्यांवर जाल तर स्पोर्ट्‌स कार म्हणायला जरा धीरच लागतो. पण छप्पर उघडून येऊरचा चढ चढताना आकडे कोण मोजतंय?

उन्हाळ्यात ती तापायला लागली. पहिल्या गॅरेजने दोन महिने ठेवून घेतली, रेडिएटरमध्ये गळती बुजवायची पूड टाकली आणि बिलावर मोघम ‘इंजिन काम’ लिहून दिलं. काही विचारलं की उत्तर एकच, “मॅडम, साहेबांना फोन द्या ना.” साहेब नाहीत हो, गाडी माझी आहे! दुसऱ्याने तर “ह्याचे पार्ट मिळणार नाहीत” म्हणत थेट भंगाराचा भाव सांगितला. तेलाचं झाकणसुद्धा उघडून बघितलं नाही.

तुम्ही दुधाची पिशवी घेऊन परतत होतात. बॉनेट उघडं दिसलं म्हणून थांबलात. तेलाचं झाकण फिरवून काढलंत आणि उलटं करून माझ्यापुढे धरलंत. रवीला लोणी चिकटावं तसा पांढरट चिकटा. “तेलात पाणी जातंय. हेडचं गास्केट गेलं.” हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ब्लॉक म्हणजे खालचा, आणि गास्केट म्हणजे दोघांमधली गळती रोखणारी पातळ चकती. मग म्हणालात, “उघडणार का?” मला वाटलं, बॉनेटबद्दल विचारताय. ते तर उघडंच होतं.

तोवर स्टेपनी बदलण्यापलीकडे माझी मजल नव्हती. हेड कसं उतरवलं ते इथे सांगत बसत नाही. तीन रविवार, दोन तुटलेली नखं आणि तेलाच्या डागांवरून सोसायटीची एक नोटीस, एवढा त्याचा हिशेब. तुम्ही रंगाच्या रिकाम्या बादलीवर बसून असायचात, हात पाठीमागे. पाना एकदाही हातात घेतला नाहीत. चुकायला लागले की नुसते खाकरायचात.

वागळे इस्टेटमधल्या मशीन शॉपमध्ये हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पाती सरकवायला लावलीत. मधोमध ती अलगद आत गेली. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. तापलं की अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, पण बोल्टांनी जखडलेलं, जाणार कुठे? वाकतं. हे तुम्ही मला तवा आणि पातेल्याचं उदाहरण देऊन समजावलंत. तिथला मुलगा फेसिंगचं, म्हणजे हेड घासून सपाट करण्याचं, तुमच्याकडे बघून सांगायला लागला, तेव्हा तुम्ही चहाच्या निमित्ताने बाहेर निघून गेलात. मग त्याला माझ्याशीच बोलावं लागलं. लक्षात आलं होतं माझ्या, काका.

“गाडीचं नाव विसरा, इंजिनाचा नंबर वाचा,” हेही तुमचंच. डी७एफ. हेच इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये बसायचं. त्या नावाने शोधलं आणि तीन आठवड्यांत गास्केट, नवे बोल्ट सगळं घरपोच.

आलं ते नेमकं गणपतीच्या तोंडावर. तुमची खोपटहून रात्रीची एसटी. म्हटलं, तुम्ही परत आल्यावर बसवू. तुम्ही काहीच बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने माझ्या हातात मिठाईच्या खोक्याचं झाकण ठेवलं. त्यावर स्केचपेनने काढलेला हेडचा आकार, त्यात पाडलेली दहा भोकं, प्रत्येक भोकाशेजारी एक आकडा. मधल्या जोडीपासून सुरू होऊन बाहेर बाहेर जाणारे, १ ते १०. बोल्ट ह्याच क्रमाने आवळायचे. आणि खाली दोन ओळी:

“बोल्ट घालण्याआधी ब्लॉकमधली भोकं कोरडी आहेत का बघा.
मी नसलो तरी चालेल.”

टॉर्च मारून बघितलं तर चार भोकांच्या तळाशी तेल आणि कूलंट. तळ बंद असलेल्या भोकात असं काही राहिलं की बोल्ट ते दाबत जातो, ते दबत नाही, आणि शेवटी ब्लॉकच तडकतो. स्क्रूड्रायव्हरला चिंधी गुंडाळून एकेक भोक टिपून काढलं. झाकण समोर टेकवून ठेवलं आणि टॉर्क रेंच, म्हणजे मोजून ठरल्या जोराने आवळायचा पाना, उचलला.

पहिली ओळ नसती तर ब्लॉक गेला असता. पण मी पुनःपुन्हा वाचली ती दुसरी. जाणकार माणूस सहसा उलट सांगतो, मी आल्याशिवाय हात लावू नका. आपण नसताना काम अडावं, असं मनातून कितीजणांना वाटत असतं! माझ्या ऑफिसात तर आख्खा मजला भरेल अशांचा. वागळे इस्टेटमधले कितीतरी कारखाने गेले, तिथे आता काचेच्या इमारती आहेत, आणि तिथे लेथवर जन्म काढलेली माणसं सकाळी उपवनला फेऱ्या मारतात. आपल्याला येतं ते कुणाला तरी देऊन टाकावं, असं त्यांच्यापैकी बऱ्याचजणांना वाटत असणार. विचारायला कुणी जात नाही. मीही गेले नव्हते, तुम्हीच थांबलात.

पहिल्या किल्लीला गाडी सुरू झाली नाही, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. प्लगच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या होत्या. गावी तुमचा फोन लागेना, म्हणून माझ्या मलाच शोधावं लागलं. आणि ह्या सगळ्याचं मूळ निघालं रेडिएटरचा पंखा तापल्यावर सुरू करणारा अंगठ्याएवढा थर्मोस्विच. पहिल्या गॅरेजला दोन महिन्यांत तेवढा तपासायला सवड झाली नव्हती.

नव्या गास्केटवर ४८० किलोमीटर झालेत. पाचशेला तेल बदलायचं, असं बजावून गेला होतात. रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये आहे, बादली पुसून ठेवली आहे. काकूंनाही घेऊन या. तेल बदललं की त्यांना येऊरपर्यंत फिरवून आणते. गाडीत जागा दोनच आहेत, तुम्ही मागून रिक्षाने या.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची