गृहमंत्र्यांस खुले पत्र : विक्रेता पकडा, आमचे फोन आणि औषधांच्या वह्या सोडा

मा. गृहमंत्री, गोवा राज्य,
पर्वरी

सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यात माझं औषधांचं दुकान आहे. अमली पदार्थांविरुद्धची मोहीम थांबवा, असं सांगायला मी हे लिहीत नाही. किनाऱ्यावर काय विकलं जातं हे आम्हा आतल्या तालुक्यातल्या लोकांना पूर्वी फक्त ऐकून ठाऊक होतं. आता पाहून ठाऊक आहे. मागणं दोनच आहेत. नाकाबंदीत माणसाला मोबाईल उघडायला लावणं बंद करा. आणि दुकानातली वा इस्पितळातली आजारपणाची नोंद पोलिसांना नुसत्या तोंडी हुकमावर मिळणार नाही, हे लेखी सांगा.

आधी मोबाईल. आमच्या दुकानातला मुलगा रात्री घरी जाताना नाकाबंदीत थांबवला गेला. लायसन, आरसी, डिकी सगळं दाखवून झालं. मग, "फोन उघड, व्हॉट्सॲप दाखव." त्याने उघडला. रात्री दहा वाजता रस्त्यावर कोण नाही म्हणणार? सापडलं काहीच नाही. पण बहिणीच्या लग्नाच्या बोलणीपासून गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या प्रिस्क्रिप्शनच्या फोटोंपर्यंत सगळं चाळून झालं. विकणाराही आता मोबाईलवरच गिऱ्हाईक गाठतो, हे मला मान्य आहे. म्हणून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचा फोन संशयित ठरतो काय? हैदराबादेत 2021 साली पोलीस लोकांना अडवून त्यांच्या चॅटमध्ये 'गांजा' शोधत होते. त्याचे व्हिडिओ देशभर फिरले, आपणही पाहिले असतील.

1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याला मवाळ कोणी म्हणणार नाही. तरी त्याच्या कलम 50 नुसार अंगझडती घ्यायच्या आधी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती द्यायचा तुम्हाला हक्क आहे, हे त्या माणसाला सांगावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2010 मध्ये ते बंधनकारक ठरवलं. खिशात हात घालायला एवढे सोपस्कार, आणि त्याच खिशातला फोन मात्र नुसत्या दरडावणीवर उघडायचा! 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं केलंय. रस्त्यावर चाळलेल्या फोनांची चित्रीकरणं एकदा मागवून पाहा.

आता वही. शेड्यूल एच-1 मधली, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा यादीतली औषधं दिली की आम्हाला डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहावं लागतं. वही तीन वर्षं सांभाळायची. 2014 पासूनचा हा नियम चांगला आहे, मी तो काटेकोर पाळतो. त्यात झोपेसाठी देतात ते अल्प्राझोलाम, दुखण्यावरचं ट्रॅमाडोल येतात, तशीच क्षयरोगाची औषधंही येतात. म्हणजे तालुक्यात कोणाला झोप लागत नाही आणि कोणाला टीबी आहे, हे त्या एका वहीत लिहिलेलं असतं. ती तपासायला अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक येतो, तो आरोग्य खात्याचा. पण गिऱ्हाईक विचारतं, "दादा, ही वही पोलीस बघतात काय?" आणि मला छातीठोक उत्तर देता येत नाही. काही जण औषध न घेताच परत जातात.

व्यसनात अडकलेल्या मुलांच्या आईबापांना मी बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार इस्पितळात जायला सांगतो. एनडीपीएसच्याच कलम 64अ नुसार, थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचारांना गेला आणि ते पूर्ण केले तर त्याच्यावर खटला चालत नाही. पण हे कलम त्यांना कोण सांगणार? त्यांना मुलाचं नाव पोलिसांकडे जाईल एवढीच धास्ती. ती धास्ती खोटी आहे असं म्हणायला मी धजत नाही, कारण गोव्याने हे एकदा केलेलं आहे.

1989 साली म्हापशाजवळच्या पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. गुन्हा काहीच नव्हता. त्याने रक्तदान केलं होतं, रक्तात एचआयव्ही निघाला आणि ते नाव पोलिसांपर्यंत पोचलं. तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला 64 दिवस एकटं कोंडून ठेवलं. त्याची आई उच्च न्यायालयात गेली, तर न्यायालयाने कायद्यातली ती तरतूद वैधच ठरवली. हेतू त्या वेळीही लोकांच्या आरोग्याचाच होता. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने आता अशी माहिती गुप्त ठेवायला लावलंय. डॉमिनिक 1992 मध्येच गेला.

पोलिसांवर विश्वास ठेवा, असं आपलं खातं म्हणेल. 2010 मध्ये गोव्याच्या अमली पदार्थविरोधी पथकातलेच काही पोलीस अमली पदार्थांच्याच प्रकरणात पकडले गेले होते, एवढंच स्मरण देतो.

24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त कारण हवं आणि कारणाच्या मानानेच हात घालायला हवा. ते पोलीस ठाण्यापर्यंत पोचायला आपल्या सहीचं परिपत्रक पुरेल. फोन हवा असेल तर कारण लिहून रीतसर जप्त करावा, पंचनाम्याची प्रत द्यावी. एच-1 ची वही किंवा उपचारांचे कागद हवे असतील तर ठरावीक गुन्ह्यात, ठरावीक नावापुरतं न्यायालयाचं पत्र आणावं. सरसकट यादी कोणी मागू नये. परिपत्रक कोकणी-मराठीत काढा. एक प्रत मी काउंटरच्या काचेवर लावतो, म्हणजे तो प्रश्न विचारणाऱ्याला बोटाने दाखवता येईल.

आपला,
डिचोली तालुक्यातील एक औषधविक्रेता