जुन्या सदनिकांतील फेरफारांची नोंद ठेवा

संपादक महोदय,

स. न.

जुन्या गृहनिर्माण संस्थांमधील अनेक सदनिकांत पूर्वी कधीतरी एखादी भिंत पाडलेली, बाल्कनी आत घेतलेली किंवा न्हाणीघर सरकवलेले असते. घर विकायची वेळ आली की याच कामांचा घोर मालकाला लागतो. मंजूर नकाशाशी घर जुळत नाही असा शेरा बँकेचा मूल्यांकनकार मारतो, खरेदीदाराचे कर्ज अडते आणि ‘विचारल्याशिवाय काही बोलू नका’ असा सल्ला मध्यस्थ देतो. हा सल्ला कोणीही मानू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला सर्वसाधारण काळजी घेऊनही न कळणारा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि तो दडवणे ही फसवणूक ठरते. पाइप नेण्यासाठी तासलेला आणि मग प्लास्टरखाली गेलेला बीम खरेदीदाराला कसा दिसणार?

अर्थात पाडलेली प्रत्येक भिंत धोक्याची नसते. आरसीसी चौकटीच्या इमारतीत स्लॅबचा भार बीमवर आणि बीमचा कॉलमवर जातो. मधली चार इंची भिंत बहुधा केवळ आडोशाची असते. भारवाहक भिंतींच्या जुन्या इमारतीत मात्र भिंतच वरचे ओझे पेलते. हा फरक रंगकाम करणाऱ्या कंत्राटदाराने नव्हे, संरचना अभियंत्याने ठरवायचा असतो. आमचे ठाण्यातील घर विकताना अभियंत्याने स्वयंपाकघर आणि हॉल यांमधील पाडलेल्या भिंतीच्या रेषेत छताचे प्लास्टर खरवडून पाहिले. बीम दोन्ही टोकांना कॉलमवर टेकलेला आहे, त्याला तडा नाही आणि सळई कुठे उघडी पडलेली नाही, असे त्याने लेखी दिले. तो अहवाल आम्ही करारनाम्याला जोडला आणि खरेदीदाराची शंका फिटली. तथापि अशा अहवालाने बांधकाम सुरक्षित ठरते, नियमित ठरत नाही. त्यासाठी महापालिकेचीच परवानगी लागते.

घाटकोपरची सिद्धीसाई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जणांचा बळी गेला, तेव्हा तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. एका सदनिकेतील फेरफार हा संपूर्ण इमारतीचा प्रश्न असतो, हे त्यानंतर तरी वेगळे सांगायला नको.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी व्हायला हवी. त्याच वेळी प्रत्येक सदनिकेच्या आत जाऊन, कोणती भिंत काढली, बीम किंवा कॉलमला कुठे छिद्र पाडले, न्हाणीघर कोणाच्या स्वयंपाकघरावर आले, याची नकाशासह नोंद संस्थेने करावी आणि हस्तांतरणाच्या वेळी तिची प्रत खरेदीदाराला द्यावी. सहकार विभागाने ही नोंद सक्तीची करावी. महापालिकांनीही जुन्या अंतर्गत फेरफारांच्या अर्जांवर ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा. भार पेलणाऱ्या भागाला धक्का लावणाऱ्यांना मात्र त्यात कोणतीही सवलत नको.

आपला,
एक वाचक, ठाणे