दाढा, मऊ भात आणि मी का येत नाहीये

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

(मायना बाबांसाठी. नाहीतर पत्र वाचायच्या आधीच लाल पेन शोधतील.)

कालपासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. फोनवर सांगितलं असतं तर आई नुसतं "बरं" म्हणाली असती, आणि तिचं ते "बरं" मला आठ दिवस पुरलं असतं. म्हणून लिहूनच टाकते. बाबांच्या दाढा काढतील त्या आठवड्यात मी येत नाहीये. आणि स्वयंपाकाला दहा दिवसांसाठी एक बाई ठरवल्या आहेत. पैसे देऊन झालेत, परत मिळणार नाहीत. आई, भुवया खाली घे.

रजा मागितली होती, मिळालीही होती, पण हिशोब तपासणी नेमकी त्याच आठवड्यात आली. हे अगदी खरं आहे. पण मोतीबिंदूच्या वेळी मी आले होते तेव्हा काय झालं? आई गुडघा धरून ओट्याशी उभी, माझ्यासाठी वेगळं काहीतरी रांधतेय, आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन "आई, राहू दे ना" म्हणतेय. मी आले की तुमच्याकडे पाहुणीच वाढते. त्या बाई चिरतील, शिजवतील, मिक्सरचं भांडं घासतील. मीठ किती, फोडणी केव्हा, ते तूच सांगायचंस. तुझ्या डब्यांची जागा बदलायची नाही, एवढं त्यांना बजावून ठेवलंय. टाके काढायच्या दिवशी मात्र मी तिथे असणार. तिकीट काढलंय.

बाबा, आता तुम्ही. तुमच्या दुखण्यापेक्षा मला धास्ती तुमच्या चहा-बिस्किटाची आहे. काही झालं की तुम्ही जेवण सोडता, चहात दोन बिस्किटं बुडवता आणि "माझं झालं" म्हणून उठता. यावेळी ते चालणार नाही. हिरडीत तीन खड्डे पडणार आहेत, ते भरून यायला प्रथिनं लागतात. तुमच्या वयात वजनाच्या दर किलोमागे रोज निदान १ ग्रॅम हवीत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. तुमचं वजन ६२. दोन बिस्किटांत हा ताळेबंद कसा जुळवता ते एकदा मला मांडून दाखवा.

पहिल्या दिवशी भूल उतरेपर्यंत काही खायचं नाही. गाल चावला जातो आणि कळतही नाही. उतरली की गारच घ्या. दही, गार केलेलं पातळ सूप, कुस्करलेलं केळं. आईस्क्रीमही चालेल (हो, हे मीच लिहितेय), फक्त त्यात बदाम-पिस्ते नकोत. आई, वाटीतलं उरलेलं "वाया जाईल" म्हणून तू संपवायचं नाहीस. तुझी साखर मला पाठ आहे.

आणि स्ट्रॉ अजिबात नको. दाढेच्या जागी रक्ताची गुठळी धरते, तेच जखमेचं झाकण. ओढून प्यायलात, जोरात थुंकलात किंवा सवयीने खळाखळा चूळ भरलीत की ते निघून येतं आणि खालचं हाड उघडं पडतं. दादाचं आठवतंय ना? तिसऱ्या रात्री भिंतीला कपाळ टेकून बसला होता. पहिले २४ तास चूळच भरायची नाही. नंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात फिरवायचं आणि मान कलती करून बेसिनमध्ये नुसतं सांडू द्यायचं. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टर सांगतील तसंच.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. घाबरू नका, आरशासमोर उभे राहून मला फोटोही पाठवू नका. तोवर गुरगुट्या भात, घोटलेली डाळ, मऊ अंडं, वाफवलेला भोपळा, काटे नीट काढलेला मासा, सगळं कोमट. पोटाची तुमची तक्रार सुरू होईल म्हणून पिकलेली पपई आणि शिजवलेलं सफरचंद यादीत आहे. तीळ, खसखस, लाह्या, दाण्याचा कूट काही दिवस बंद. एक कण खड्ड्यात बसला की जीव खातो.

मी सायकलवरून पडले होते आणि ओठाला टाके पडले होते, तेव्हा तुम्ही मला केळं भरवायचात. त्याचे बारीक दोरे एकेक करून काढायचात आणि चमच्याच्या पाठीने वाटीच्या कडेवर गुठळ्या दाबत बसायचात. मी तोंड मिटून घ्यायचे. तुम्ही काही बोलायचा नाहीत, पण चमचा पुढे केलात की तुमचंच तोंड उघडायचं. तुम्हाला ते कधी कळलं नाही. मला हसू यायचं, ओठ ताणून दुखायचा, आणि तेवढ्यात घास आत.

आई, तू भरव म्हणत नाही, ते लाजतील. पण समोर बस. आणि तूही तेच खा, वेगळं ताट वाढलं की त्यांना आजारी असल्यासारखं वाटतं.

तसं तुला ते जड जाणार नाही. दोन वर्षं तू सगळं भिजवून खातेस आणि "मला असंच आवडतं" म्हणतेस. कवळी डबीत असते हे मी मागच्या वेळी पाहिलं, बोलले नाही. टोचते ना? दात गेल्यावर खालचं हाड हळूहळू झिजतं, मग एकेकाळी नीट बसणारी कवळी सैल होते. त्यात तुझा काही दोष नाही, आणि आतून अस्तर लावून ती पुन्हा बसवता येते. बाबांचे टाके काढायच्या दिवशी त्यांच्यानंतरची वेळ मी तुझ्या नावाने घेतली आहे. डबी बरोबर घे.

रागावली असलीस तर बाबांकरवी निरोप दे. त्यांना तसंही दोन दिवस बोलता येणार नाहीये.

तुमची,
चिमी