आईच्या शब्दासाठी थांबणाऱ्या चीजवाल्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे चीज कसे करतात ते पाहायला आणि चाखायला आलेल्या मंडळींत एक वयस्कर बाई आणि त्यांचा हात धरून चालणारा त्यांचा मुलगा होता. तो मुलगा मी. निघताना घाईत नुसते 'थँक्यू' म्हटले, ते फार तोकडे पडले असे तेव्हापासून वाटत राहिले आहे.

काचबिंदूमुळे आईची दृष्टी गेली, त्याला आता दोन वर्षे होतील. तुमच्याकडे येण्यापूर्वी आम्ही एका मोठ्या डेअरीत गेलो होतो. तेथे माहिती देणारे गृहस्थ काचेपलीकडचे सारे 'हे पाहा, ते पाहा' म्हणत दाखवत होते, आणि मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना बाहेर खुर्चीवर बसवा, यांना तसेही काही दिसणार नाही." आई शेजारीच उभी होती. जिला दिसत नाही तिला ऐकू येते, हे कळायला वेगळे शिक्षण लागत नसावे. त्या अनुभवानंतर ती तुमच्याकडे यायला मुळीच राजी नव्हती.

तुम्ही मात्र मला काही न विचारता थेट तिलाच विचारलेत, "दूध साकळले का, बोट घालून सांगता?" हात कोपरापर्यंत धुऊन झाल्यावर तुम्ही तिला हौदातल्याच दुधाच्या, कोमट पाण्यात ठेवलेल्या बादलीपाशी नेलेत, आणि बोट तिरके आत घालून हळूच वर उचलायला सांगितलेत. थर सुरीने कापल्यासारखा स्वच्छ चिरला आणि चिरेत निवळी साचली, तर रेनेटचे, म्हणजे दूध साकळवायला घातलेल्या द्रव्याचे, काम पुरे झाले. कडा फाटक्या, लिबलिबीत लागल्या, तर अजून थांबायचे. आई म्हणाली, "अजून झाले नाही." तुम्हीही बोट घालून पाहिलेत आणि म्हणालात, "बरोबर, थांबू या." मग कापायची जाळी हातात धरून तुम्ही आणि तुमच्यामागे आम्ही सगळे, आईने पुन्हा बोट घालून "आता कापा" म्हणेपर्यंत उभे राहिलो. तिच्यावाचून तुमचे काही अडले नसते, हे मला कळते. पण दोन वर्षांत तिच्या शब्दासाठी कोणी थांबले नव्हते. मीसुद्धा नाही, हे लिहिताना लाज वाटते.

पुढे मुरवण्याच्या थंड, दमट खोलीत तुम्ही चीजच्या चक्क्यांवर छोटी हातोडी वाजवून दाखवलीत. आत चीर किंवा पोकळी असली की आवाज बदलतो, आणि ते डोळसांनाही कानानेच कळते, हे ऐकून आईला हसू आले. चाखताना तुम्ही सौम्यापासून उग्राकडे नेलेत, आणि जुन्या, कडक चीजमध्ये दाताखाली कचकचणारे कण मिठाचे नसून मुरताना प्रथिने फुटून तयार झालेल्या टायरोसिनचे असतात, असे सांगितलेत. ते कण सर्वांत आधी आईला लागले होते. एक किलो कडक चीजला सुमारे दहा लिटर दूध लागते, एवढे सोडले तर बाकीचे आकडे मी विसरलो आहे. तिला मात्र सारे पाठ आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते ऐकवते.

दया दाखवणारे पुष्कळ भेटतात, आणि दयेत समोरच्याला गप्प बसवण्याची एक खुबी असते. तुम्ही दया दाखवली नाहीत, काम दिलेत. अशी माणसे आपल्या चांगुलपणाची कोठे पाटी लावत नाहीत, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

त्या दिवशीचे चीज मुरायला सहा महिने लागतील, असे तुम्ही म्हणाला होता. आई दिवस मोजते आहे. त्या चक्क्यावर हातोडी मारायला तिला बोलवाल ना?

आपला कृतज्ञ,
त्या बाईंचा मुलगा