इंजिन तापतंय? रेडिएटर नंतर बदला

महोदय,
तापमानाचा काटा लालकडे गेला की रेडिएटर बदलायची घाई होते. आधी इंजिन पूर्ण गार होऊ द्या. गरम असतानाच रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) तोंडावर उडतं. मग कूलंटची पातळी पाहा. ती ठीक असेल आणि काटा फक्त सिग्नलला चढत असेल, तर एसी लावून पंखा फिरतो का पाहा. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याचा विजेवर चालणारा स्विच), मग मोटर तपासा. रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) चटका देतो, खालचा गारच? बहुधा थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटला वाट देणारा व्हॉल्व्ह) बंदच अडकलाय. तो साधारण ८० ते ९० अंशांना उघडायला हवा. गळती दिसत नाही, तरी कूलंट घटतंय आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल (नुसती ऑइलच्या झाकणाखालची साय फसवी, ती दमटपणानेही धरते), तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) गेलंय. अशी गाडी टो करूनच न्यावी.

– एक मेकॅनिक