पोलादपूरजवळच्या त्या तिघांचे मनापासून आभार

गणपतीला गावी निघालो होतो. पोलादपूर सोडलं आणि गाडीत पेट्रोलचा उग्र वास भरला. मागे आई आणि ४ वर्षांची लेक. टाकी काठोकाठ भरल्यामुळे असेल, असं मला वाटलं. टपरीपाशी थांबलो, तर चहावाल्या मावशींनी वास येताच स्टोव्ह विझवला आणि दोघींना लांब सावलीत नेऊन बसवलं. ट्रकवाल्या दादांनी मला पुन्हा स्टार्टर मारू दिला नाही. चारही दरवाजे उघडायला लावले; पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खालीच साचून राहते. मेकॅनिकला फोनही त्यांनीच केला.

मेकॅनिकदादांनी इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप २ सेकंद घरघरला आणि इंजेक्टरकडे, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाकडे, जाणाऱ्या रबरी पाइपवर, क्लिपच्या कडेला थेंब दिसला. पाइप तडकला होता, गरम इंजिनपासून जेमतेम वीतभर अंतरावर! बॅटरीची तार सोडवून त्यांनी नवा पाइप, नव्या क्लिपा बसवल्या, मग तार पुन्हा जोडून ३ वेळा चावी फिरवून जोड बोटाने चाचपला. पैसे घेतले फक्त सामानाचे.

गडबडीत तुमची नावं विचारायची राहिली. मावशी, ऐन गर्दीच्या दिवशी तुमचा स्टोव्ह आमच्यासाठी तासभर बंद होता. परतताना थांबलो, टपरी बंद दिसली. प्रसादाचे मोदक आणले होते तुमच्यासाठी.